टॅबला गिऱ्हाईक नाही

दुरुस्तीच्या दुकानात म्हातारा आपला टॅब पोटाशी धरून उभा होता. त्याच्या पुढे हॉटेलवाला पिशवीभर टॅब विकायला घेऊन आला होता.

“नाही घेत शेठ,” दुकानदार म्हणाला. “गिऱ्हाईकच उरलं नाही.”

“अरे, मेनूकार्डाऐवजी घेतले होते. लोक बोटानं चार पानं सरकवतात आणि शेवटी वेटरलाच विचारतात, आज चांगलं काय आहे?”

“फोन मोठे झाले, लॅपटॉप हलके झाले. टॅबचं झालंय मधल्या पोरासारखं. ना कौतुक, ना काम.”

“बिघडत तरी नाहीत लेकाचे!”

“तेच तर. जुना चालतोय तोवर नवा कोण घेणार?”

हॉटेलवाला पिशवी उचलून चालता झाला.

“बोला काका. तुम्हालाही विकायचाय?”

“नाही. चार्ज होत नाही. बायकोचा आहे.”

“मग काकूंना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन द्या की. याच्यात काय ठेवलंय?”

“ती गेली. तिचा पत्त्यांचा डाव अर्धा राहिलाय यात.”

दुकानदारानं टॅब दोन्ही हातांनी घेतला.

“फक्त आतलं काही पुसू नका.”

“नाही पुसत, काका. डाव तुम्ही पुरा करणार?”

“छे! मला कुठे पत्ते येतात?”