छत्तीस फोनांची पूजा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या वरिष्ठ अधिकारी सुसन्ना कुरियन मॅडम. प्रमुख पाहुणे, देवस्थान समितीचे कार्यवाह अच्युतन मास्टर. सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या, आम्हा सर्वांच्या थोरल्या बहिणीसारख्या अंबुजाक्षी चेची. आणि एक डोळा माझ्यावर व दुसरा पायसमाच्या पातेल्यावर ठेवून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना या शंकुण्णीचा नमस्कार.

चेचींचं काम काय होतं? खात्याने आपल्याला दिलेले छत्तीस फोन सांभाळणं. ऐकायला केवढं सोपं! पण फोन कोणाच्या हातात होते? आपल्या! बशीरच्या फोनचं कुलूप त्यांनी पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत उघडलं आणि म्हणाल्या, "बायकोचा वाढदिवस कुलपाला लावलास, पण तिला साडी घेतलीस का?" बशीर, हसू नकोस. घेतली नव्हतीस.

मग त्यांनी परिपत्रक काढलं. नऊ ठिपक्यांवरून बोट फिरवून प्रत्येकाने अवघड आकृती काढायची, ती कुलपाला लावायची, कोणाला दाखवायची नाही. दहा वेळा चुकलात तर फोन आतलं सगळं पुसून टाकेल. आणि चाळीस तास फोन कार्यालयाच्या संगणकाशी बोलला नाही, तर तो चोरीला गेला असं समजून, पुढे सुरू होताक्षणी स्वतःला कोरा करेल. परिपत्रकावर पहिली सही माझी आहे. झोकदार सही. वाचलं होतं का? अध्यक्ष महोदया, आपण समोर असताना खोटं कसं बोलू?

गेल्या वर्षी दरड कोसळली, आठवतं ना? वरच्या वाडीतली एकेचाळीस घरं गेली. भरपाईसाठी काढलेले पडक्या घरांचे फोटो माझ्या फोनमध्ये. वर रेंज नाही, त्यामुळे ते कार्यालयात येऊनच संगणकावर चढवायचे. आम्ही उतरलो नवरात्रातल्या अष्टमीच्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी वर चिखल-दगड उपसायचं यंत्र लागणार होतं, म्हणजे पुन्हा फोटो काढायची सोय नाही. फोटो गेले तर त्या एकेचाळीस कुटुंबांनी आपलं घर पडलं हे दाखवायचं कशावरून?

आणि मी काय केलं? अष्टमीची संध्याकाळ म्हणजे हत्यारं-अवजारं, पुस्तकं पूजेला ठेवायची वेळ. सुताराची पटाशी पूजेला, शिंप्याची कात्री पूजेला, मग आमचं हत्यार कोणतं? म्हटलं, फोटो नंतर चढवू, आधी ठेवा फोन! छत्तीसच्या छत्तीस बंद केले, गंध लावलं, फुलं वाहिली, शेजारी तांदळाचं ताट ठेवलं आणि कपाटाला कुलूप ठोकलं. पूजा उचलेपर्यंत हात लावायचा नाही. दशमीला सुट्टी, म्हणून उचलायची एकादशीला, हा निर्णयही माझाच. चेची त्या दुपारीच बहिणीकडे गेल्या होत्या.

दशमीला सकाळी मी देवळात नातीला तांदळात पहिलं अक्षर गिरवायला घेऊन बसलो होतो. एवढ्यात चेची रिक्षातून उतरल्या त्या थेट माझ्यापुढे.

"शंकुण्णी सर, संगणकावर छत्तीस फोन मुके दिसतायत! चोरी झाली!"

"छे हो चेची, पूजेत आहेत."

"बंद करून?"

"देवापुढे वाजले असते तर?"

त्या खाली बसल्या. "दहा वाजता चाळीस तास भरतायत. आता साडेआठ."

"मग मुदत वाढवा ना!"

"बंद फोनला कोणाच्या कानात सांगू?"

मी म्हटलं, "पण पूजा उचलल्याशिवाय हात कसा लावू?" त्यावर म्हणाल्या, "आज दशमीच आहे ना? दिवा मी लावते, फोन तुम्ही लावा!"

कुलूप उघडल्याशिवाय फोन संगणकाशी बोलत नाही, म्हणून माणसंही हवीत. पण सहकाऱ्यांचे नंबर कुठे? पूजेतल्या फोनांत! तेव्हा अच्युतन मास्टरांनी ध्वनिक्षेपक आमच्या हवाली केला आणि साऱ्या गावाने ऐकलं, "खात्याच्या कर्मचाऱ्यांनी आपापली बोटं घेऊन ताबडतोब कार्यालयात यावं!"

आले हो सगळे! मुंडू गुडघ्यावर खोचून, ओल्या केसांनी, कोणी निम्मा चहा टाकून. बशीर तर पीठ भरल्या हातांनी. चेचींनी दिवा लावला, नमस्कार झाला, आणि एकेक फोन उघडत गेला. पंचेचाळीस मिनिटांत पस्तीस!

उरला माझा. अष्टमीलाच सकाळी चेचींच्या आग्रहाने नवी आकृती ठेवली होती. आठवेना. एकदा चुकलो, दोनदा चुकलो. मागून सल्ले सुरू. "सर, वरून खाली!" "सर, उजवीकडून!" नऊ वेळा चुकलो. आता एकच संधी. घड्याळात दहाला आठ कमी.

"फोन खाली ठेवा," चेची म्हणाल्या. पूजेतलं तांदळाचं ताट त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. "आज लेकरं गिरवतात ना, तसं गिरवा. डोळे मिटा. डोकं चालवू नका, बोट चालू द्या."

डोळे मिटले. बोट चाललं. उघडून पाहतो तर तांदळात उलटा नांगर! "पुन्हा." पुन्हा नांगर. "पुन्हा." नांगरच! मग तो फोनवर काढला, आणि पडद्यावर वरच्या वाडीतल्या कुट्टन मूप्पनांचं घर आलं. फुटल्या भिंतीतून पलीकडचा डोंगर दिसत होता.

मला रडू फुटलं. सगळे ओरडत होते. फोटो संगणकावर चढले, मी चेचींचे पाय धरायला वाकलो, तर त्या काय म्हणाल्या? "आधी आकृती बदला. पस्तीस जणांनी पाहिलीय!"

कुट्टन मूप्पन तिसऱ्या रांगेत बसलेत. मूप्पन, कमरेची किल्ली जरा वर धरा. पाहिलीत? नव्या घराची आहे.

चेची, ही काशाची थाळी आपल्याला आम्हा सर्वांकडून. तांदूळ भरूनच दिलीय. आज पाच वाजता आपला फोन जमा होईल आणि आपल्याच नियमाने मला तो कोरा करावा लागेल. फोन कोरा होईल. आमचं काय व्हायचं, ते परिपत्रकात नाही.

अध्यक्ष महोदयांचे, मास्टरांचे आणि पायसम थंड होऊ देणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. चेचींच्या नियमानेसुद्धा मला नऊ चुका माफ केल्या होत्या. आपण माणसं आहात, दहावीही कराल.