घुंगरं कुणी लावायची?

हुपरीहून कोल्हापूरला निघालेल्या एसटीत पुढच्या बाकावर सासू-सुनेचं जुंपलं, तसा जयपालनं मोबाइल खिशात ठेवला.

"बिनघुंगराची पैंजणं बघून सराफानं डबा परत धाडला. आता ह्यो माल तरी घेतोय का बघ!"

"आत्ती, मला वाटलं घुंगरं तुम्ही लावली."

"आन् मला वाटलं तू."

"म्हणून म्हणते, ज्याचं त्याचं काम ठरवूया. जोडकाम मामांचं, घुंगरं माझी."

"आन् मी काय बसून ऱ्हाऊ?"

"तुम्ही शेवटी चुका काढायच्या."

"त्या तर मी रोजच काढते की!"

"व्हय, पण हितनं पुढं फक्त पैंजणांच्या."

"लई बोलतीस. आण डबा हिकडं... हे घुंगरू कुणी लावलंय?"

"मी."

"ढिलं हाय. काढ पक्कड."