आपल्या माणसांसह

नाही, वकीलसाहेब, तुम्ही लिहून आणलेल्या जबाबावर तेवढी सही मागू नका — बसा, खुर्चीवरची पुस्तकं खाली ठेवा, या खोलीत दुसरं कुणी बसत नाही म्हणून ती तिथे साठतात. मुद्दा कळला मला तुमचा. घटनेत लिहिलंय, कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणाच्या घरात शिरायचं नाही. पोलीस त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या खोलीत शिरले, तिच्या वह्या उचलून नेल्या, आणि आता तुम्ही सरकारच्या वतीने म्हणताय, एकटी तर राहते, मग ते घर कसलं? घटना लिहिली त्या साली 'घर' म्हणजे काय समजत होते, ते त्याच सालच्या शब्दकोशात बघा, असं तुमचं म्हणणं — 'माणूस आपल्या माणसांसह राहतो ती जागा.' आणि ती नोंद लिहिणारा मी अजून जिवंत आहे, म्हणून चार जिने चढून आलात. बरोबर ना?

शब्दाचा जुना अर्थ शोधण्यात काही वावगं नाही, मी जन्मभर तेच केलं. पण मग नीट तरी शोधा. घटनासभेतली भाषणं वाचलीत? तिथे एकाने विचारलंच होतं, भाड्याच्या खोलीत एकट्याने राहणाऱ्याचं काय? उत्तर आलं, दिवे लागल्यावर तो जिथे परततो ते त्याचं घर. पान काढून देऊ? — नको. नकोच असणार.

बरं, त्या नोंदीचं ऐका. कोशासाठी शब्द टिपलेली जी चिठ्ठी माझ्याकडे आली, तिच्यावर एवढंच होतं — 'माणूस राहतो ती जागा.' 'आपल्या माणसांसह' हे मी घातलं. का? लग्नाला बावीस दिवस झाले होते, दुसरं काय. दोन खोल्या घेतल्या होत्या, ही स्टुलावर चढून पडदा लावत होती, म्हणाली, डावीकडे कलतोय का बघा जरा. मी बघत राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन ते दोन शब्द लिहून टाकले. संपादक आजारी होते, कुणी तपासलं नाही. लोक काय बोलतात ते लिहायचं माझं काम, आणि मी लिहिलं ते मला काय झालं होतं ते. छापून आल्यावर हिला दाखवलं. हसली. नऊ वर्षांनी गेली — वारली नाही हो, गेली. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता आलं असतं, तीन आवृत्त्या निघाल्या. नाही केलं. वाटायचं, कधीतरी कोश चाळताना तिच्या नजरेस पडेल.

दार उघडं होतं म्हणून सरळ आत आलात ना? ते मी उघडंच ठेवतो. एखाद्या सकाळी उठलो नाही, तर शेजाऱ्यांना फोडायला लागू नये — जाऊ द्या, हे तुम्हाला कशाला सांगतोय.

सही करतो मी, पण आत्ता सांगितलं ते लिहून त्याच्याखाली, आणि कागद त्या बाईच्या वकिलाला देईन. त्यांचा पत्ता तेवढा लिहून ठेवा. आता निघा. जाताना दार ओढून घ्या, आज कडी लावणार आहे. आणि पुन्हा यायचं झालं तर आधी वाजवा. घर आहे हे.