कालु एक्कड?

इथं करा सही, रेनुकाबाई, या रेघेवर — नाही, घाई नाही, पानी प्या पहिले. कागदात वाईट काही लिहेलं नाही. तुमची शीतल आता पाचवीच्या वर्गात बसनार नाही, रोज माझ्या या दिव्यांग लेकरायच्या केंद्रातच येईन, इतकंच. हेडसरच म्हनते, वर्गात तिचं बाकीच्या लेकरायसारखं जमत नाही. अन् जमत नाही हे खरंच हाय ना? पोट्टी 'बस' लिहाले जाते अन् 'सब' लिहून ठेवते — अक्षरं तिच्या डोयापुढं जागा बदलतेत, ती तरी काय करीन? पन म्या सोडलं नाही तिले. शाळा सुटल्यावर पाटीवर ज्वारीचे दाने मांडले, त्यावर तिचं बोट फिरवलं, दिवसचे दिवस. परवा आपल्या गावाचं नाव, 'भीमपूर', वाचलं तिनं, एका दमात! मीच रडली, ती हासून राह्यली होती.

बुद्धी? हो, सर्टिफिकेटात तसंच हाय, बुद्धी कमी म्हनून. ते तपासनीच्या शिबिरातलं. आता काय सांगू तुमाले, लई गर्दी होती — एकेका लेकराले पाच पाच मिनिटं — डॉक्टर मानूस चांगला, पन आपलं राज्यच तेलुगू, तं तो बी तेलुगूवाला. तुमी तं बाहेर बसल्या होत्या. त्यानं इचारलं, 'कालु एक्कड?' — म्हंजे पाय कुठं हाय, दाखव. अन् आपली शीतल काय म्हनते? 'काल घरीच होती!' एक्कड म्हंजे कुठं, हे बाजारात ऐकून ऐकून माहीत तिले, मंग तिनं अर्थ लावला — काल कुठं होती? मंग त्यानं चित्रं ठेवले पुढं अन् म्हने, पिल्ली दाखव. तेलुगूत पिल्ली म्हंजे मांजर. हिनं बोट ठेवलं कोंबडीच्या पिल्लायवर. बरोबरच ना तिचं? त्यानं दोन्हीकडं फुली मारली. हासू नाही येत तुमाले? मले तं —

पेन काऊन खाली ठेवला?

मी? मी तिच्या बाजूच्याच खुर्चीवर होती. हो, येते ना मले तेलुगू. त्याले आपली भाषा समजत नाही म्हनून तं मले नेलं होतं आत. सांगनारच होती मी, तोंड उघडलं बी होतं — पन मागं रांग इतकी — नाही, रांगेचं नाही. खोटं कायले बोलू. सर्टिफिकेटवाले दहा लेकरं असले तरच केंद्र चालते. माझ्याजवळ नऊ होते. दहावं भेटलं नसतं तं कुलूप लागलं असतं, मंग चंपतरावची ती मुकी पोरगी कुठं गेली असती? घरात कोपऱ्यात बसली असती. मी त्यायचाच इचार केला — अन् माझा बी केला, नाही कशी म्हनू. वाटलं, एक कागद तं हाय, शिकवते तं मीच, शीतलचं काय जाते? मले काय माहीत, तोच कागद दाखवून तिले वर्गातून उठवतीन! दोन महिने झाले, ती समोर आली का मानच वर होत नाही माझी. लाज वाटते, रेनुकाबाई, लई लाज वाटते.

नका करू सही. हो, मीच म्हनून राह्यली, नका करू. पुन्हा तपासनी होते, अर्ज दिला तं होते. आपल्या भाषेत इचारा म्हना, पोट्टी धडाधडा सांगीन.

संगं? मी येऊ? त्या डॉक्टराच्या पुढं उभी राहून सांगाले, का मी तवा तिथंच बसेल होती अन् —

सोमवारी ना… सोमवारी मले मीटिंग हाय. मंगळवारी पाहू. मंगळवारी बी — हे पाहा, ऑटो आला, लेकरं उतरून राह्यले. तुमी जा आता. असं पाहू नका माझ्याकडं, जा ना माय.