अंगणाकडे तोंड असलेला बंगला

माझा जन्म कुरखेड्याच्या पलीकडे, सागाच्या जंगलातल्या एका इंग्रजी बंगल्याच्या तबेल्यात झाला, हे मी प्रत्येक अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहितो, कारण अर्जदाराचा संबंध वाचणाऱ्याला आधी कळला पाहिजे. घोडे केव्हाच गेले होते, त्यांच्या जागी आम्ही राहत होतो. बाबा बंगल्याचे चौकीदार. आई म्हणायची, घोड्याची जागा हाये म्हनून लाजू नको, भिंती पाह्य, साहेबानं घोड्यालेही अशी जाड भिंत देल्ली.

तो साहेब कोण, कुठला, मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते मी लिहीत नाही. गावात मात्र सांगत, की त्याने या जंगलात आपल्या बापाचे विलायतेतले शेतघर पुन्हा बांधले. उंच उतरते छप्पर, पण त्यावर आमचे कवेलू, मातीची कौले. एका अंगाला घर, दुसऱ्या अंगाला तबेला, समोर धान्याचे कोठार, ज्याच्या दारातून भरलेली बैलगाडी सरळ आत जाई, आणि या सगळ्यांच्या मधोमध दगडी अंगण. दिवाणखान्याच्या भिंतीत एक कमान होती आणि तिच्यावर धुराडे. आता काय सांगू तुम्हाला, आमच्याकडच्या उन्हात बसायच्या खोलीत जाळ कोण करील? साहेब गेल्यावर गावाने ठरवून टाकले की ते साहेबाचे देवघर होते. मग वर भोक कशाला, तर देवाला येण्याजाण्यासाठी. आई तिथे सांजवात लावायची. मी कमानीत डोके घालून वर पाहत असे, धुराड्याच्या टोकाशी एक चांदणी दिसे, आणि मला वाटे, आईनेच ती दिव्यातून वर पाठवली आहे. अजूनही डोळे मिटले की ती तिथेच असते.

पुढे मी तहसिलीसमोर अर्जनवीस झालो, लोकांचे अर्ज लिहिता लिहिता कायदा शिकलो आणि कायद्याबरोबर राग. तो राग म्हातारपणी कामाला आला. बंगला जतन करणार, असे जाहीर झाले, त्याखाली बारीक अक्षरात होते, मागील जीर्ण शेड पाडून पर्यटकांसाठी खोल्या बांधण्यात येतील. शेड! ज्या कोठारात सारे गाव आजही बियाण्याचे धान ठेवते, ज्या तबेल्यात मी पहिल्यांदा रडलो, त्यांना शेड. मी एकामागून एक पत्रे लिहीत सुटलो. चहाच्या टपरीवरचा देवाजी, माझा लहानपणचा सोबती, विचारायचा, काऊन जी वकीलसाहेब, आज कोनाले फाशी? मी म्हणायचो, शेड म्हणणाऱ्याला. तो म्हणायचा, द्या मंग, पन आंधी चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.

शेवटी चंद्रपूरहून पाहणीसाठी सरकारी इंजिनियर बाई आल्या. रस्त्याकडच्या व्हरांड्यात उभ्या राहून म्हणाल्या, समोरची बाजू फार देखणी आहे. मी म्हणालो, बाई, ही या घराची पाठ आहे, व्हरांडा नंतर जोडलेला. देवाजीला सोबत घेऊन त्यांना आत नेले, अंगणाकडच्या खिडक्या उघडल्या. सगळ्या मोठ्या खिडक्या त्याच बाजूला, रस्त्याकडे नुसते झरोके. म्हटले, उठल्याबरोबर आपले धान्य आणि आपली जनावरे दिसावीत, म्हणून हे घर असे वळून बसले आहे; ती दोन्ही काढून घेतलीत, तर हे बघणार कशाकडे?

बाई अंगणात उतरून कोठार आणि तबेला पाहून आल्या. मग कमानीत हात घातला, बोटांना काजळी आणि कुंकू लागले. इथे शेकोटी करत असतील ना, त्या म्हणाल्या. देवाजी म्हणाला, नाई बाई, देव हाये तो. देवाले इथी थंडी कायची वाजते? त्या हसल्या, आणि हसता हसताच मला म्हणाल्या, काका, कोठार राहील, मी तसे लिहीन. पण तबेल्याची मागची भिंत खचली आहे, उद्या कुणाच्या अंगावर पडेल, ती मी वाचवू शकत नाही. मी भिंत पाहून आलो. त्या म्हणत होत्या ते खरे होते, आणि त्याविरुद्ध लिहायला माझ्याकडे एकही कलम नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात तबेला उतरवला. मी तिथे उभा होतो, देवाजीने माझा दंड धरला होता.

आता संध्याकाळी मी त्या खिडकीशी बसतो. निम्म्या चौकटीत कोठार, निम्म्यात आभाळ. ऊन कलले की त्या आभाळात कधीकधी घोडे येऊन उभे राहतात, मी कधीच न पाहिलेले, आणि त्यांच्यामागून आईचा झाडण्याचा आवाज येतो. गावचे धान यंदाही कोठारात गेले. पाहुण्यांसाठी कमानीत जाळ करावा असा कुणाचा विचार आहे, त्यावर माझा अर्ज गेलेला आहे. निकाल लागेपर्यंत तिथे दिवा लागतो. पर्यटक येतील, येवोत, त्यांना सुखाची झोप लागो. अंगणाकडची खिडकी तेवढी त्यांनी लावू नये, घराला बघू द्यावे.