भिंतीपलीकडची भाडेकरू

—हो, सख्खी मुलगी. लिनेट. मग? मुलीला घर भाड्याने देऊ नये असा कायदा आहे? नाही ना, आत्ता तुम्हीच म्हणालात. एका छपराखाली राहत असतो तर तिला भाड्याचा भत्ता मिळाला नसता, पण मध्ये भिंत आहे, दार वेगळं, नंबर वेगळा. माझा बारा, तिचा चौदा. चौदा माझ्या आईचं, तिच्यामागे माझं झालं. करार तुमच्या हातात आहे, भाडं दर शुक्रवारी येतं, गल्लीतले बाकीचे देतात तेवढंच. बापाने लेकीला सूट दिली असेल असं वाटलं तुम्हाला? ग्रिम्सबीत कुणी देत असेल. मी देत नाही. आणि ते ओळखपत्र गळ्यात लटकवून माझ्यापुढे हलवू नका, बाई, नगरपालिकेतून आलात ते कळलं मला. चहा विचारणार नाही. अकराला लिनेट भिंतीवर दोनदा ठोकते, मी दोनदा ठोकतो, म्हणजे तिच्याकडे किटली चढते — मग मी तिकडे जातो. तोवर आटपा.

आणि एक लिहून घ्या. भत्ता मी मागितलेला नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडली, एक्केचाळीस वर्षं गोदीवर मासे कापले. हा अंगठा बघा — बघा, घाबरता काय — अर्धा गेलाय. तेव्हासुद्धा सरकारच्या दारात उभा राहिलो नाही. डाव्या हाताने कापायला शिकलो. लिनेटचं वेगळं. शीतगृहात खोकी उचलून तिचा खांदा गेला, नवरा त्याआधीच गेला होता, बरं झालं गेला ते. मी म्हटलं, राहा शेजारी, भाड्याचं नाव काढू नकोस. तर म्हणते, "फुकट नाही राहणार, डॅड. फुकट राहणाऱ्याला केव्हाही ऊठ म्हणता येतं." कुणाबद्दल म्हणाली ते मला कळलं. पुढे म्हणाली, खासगी घरमालकाकडे राहणाऱ्यालाही सरकार भाड्याला हातभार लावतं, तो मिळाला तर राहीन. नाही मिळाला तर डॉनकास्टरला मुलीकडे जाईन. तीन दिवस कराराचा कागद ह्या टेबलावर पडून होता. चौथ्या दिवशी सही केली. पटलं म्हणून नाही केली. केली.

काय? परत विचारा. — भाडं थकलं तर तिला काढाल का? हा काय प्रश्न झाला! काढीन. लिहा. काढीन! तसं लिहिलं नाही तर हा व्यवहार खोटा ठरतो, बापलेकीचं नाटक ठरतं, होय ना? मग लिहा की. मान का हलवता? सगळे बाप असंच सांगतात? मी सगळ्या बापांतला नाही. खोटं बोलत नाही मी, गोदीवर कुणालाही विचारा — जिवंत असेल त्याला. पोटच्या पोरीला काढणार नाही असं वाटतं तुम्हाला? अहो, पोटच्या पोराला काढलंय मी! ह्याच चौदा नंबरातून! ग्रॅहम त्याचं नाव. ज्या मासेमारी बोटीवर होता ती बंद पडली, काम गेलं, भाडं थांबलं. एक महिना थांबलो, दुसरा थांबलो, तिसऱ्या महिन्यात तो बाहेर गेलेला असताना कुलूप बदललं. ह्या हातांनी. फेब्रुवारी होता. त्याची पेटी पायरीवर ठेवली, वर ताडपत्री टाकली — पाऊस होता म्हणून. ताडपत्री टाकली होती मी. तो आला, किल्ली लावून बघितली, परत लावून बघितली. मी इथे खिडकीत उभा होतो. त्याने दार ठोठावलं नाही. माझंही नाही, तेही नाही. पेटी उचलली आणि गेला. आता पटलं? घरमालक म्हणतात तो हा असा असतो.

लिहीत का नाही तुम्ही?

कुठे आहे म्हणजे? मला काय ठाऊक. पत्ता ठेवला असता तर… एडना गेली तेव्हा कळवणार कुठे? एडना म्हणजे माझी बायको. त्याची आई. भिंतीवर ठोकायची सवय तिचीच. ग्रॅहम तिकडे असताना अकराला ठोकायची, तो परत ठोकायचा. तो गेल्यावरही ठोकत होती. वर्षभर. रिकाम्या घराच्या भिंतीवर. मी म्हणायचो, अगं, कोण आहे तिकडे? ती म्हणायची, कुणी नाही, हर्बर्ट, तू काढलंस ना. आणि ठोकायची. — हे नका लिहू. ह्याचा भाड्याशी काय संबंध?

घर बघायचंय? आतून? बघा की. तिलाच विचारा. ती उघडेल. — मी कसा उघडू? किल्ली नाही माझ्याकडे. दोन होत्या, दोन्ही तिला दिल्या. हो, दोन्ही. घरमालकाकडे किल्ली असते ते ठाऊक आहे मला, शिकवू नका. दिल्या, कारण… ठेवायची नव्हती घरात. किल्ली असली की कुलूप बदलायची अक्कल सुचते. आता ते दार तिच्याशिवाय कुणी उघडत नाही, मीसुद्धा नाही. मी गेलो की ठोठावतो. स्वतःच्या घराचं दार ठोठावतो, हसा हवं तर.

किती वाजले? ते घड्याळ पुढे आहे का हो? तुमच्याकडे किती? — अकरा वीस.

ठोकलं नाही तिने.

घरातच आहे. नळ वाजत होता मघाशी. भिंत एका विटेची आहे, बाई, इकडे शिंकलं तर तिकडे कळतं. मी मोठ्याने बोललो का? 'काढीन' म्हटलं ते? आणि ग्रॅहमचं… तिला ठाऊक होतं ग्रॅहमचं, पण माझ्या तोंडून असं नव्हतं ऐकलं. मिरवल्यासारखं.

वाचा. तो प्रश्न परत वाचा. सावकाश नको, तसाच वाचा. "भाडं थकल्यास भाडेकरूला घराबाहेर काढण्याची आपली तयारी आहे काय." आधीचं खोडा. खोडा म्हणतो ना! काय होईल ते समजावू नका, मला समजतं. भत्ता नामंजूर होईल. ती डॉनकास्टरला जाईन म्हणते, जाईल. हट्टी आहे, माझ्यावर गेलीय. पण पेटी तिची ती भरेल. पायरीवर मी ठेवणार नाही. लिहा — नाही. काढणार नाही. ऐकू नाही आलं? नाही काढणार! भाडं दिलं तरी नाही, थकलं तरी नाही, ह्या जन्मात नाही! तिच्या दाराला हात लावणार नाही मी! लिहिलंत? सही कुठे करायची? ही घ्या.

आता पेन खाली ठेवा. आवाज करू नका.

थांबा, म्हटलं ना.

…

नाही. काही नाही. पाइप असेल.

जा तुम्ही. दार हळू ओढा — तिने ठोकलं तर ऐकू यायला हवं मला.