सिद्ध झालेलं दार

नाही, हसा, तुम्ही हसा हो! माझ्या बरगड्या दुखतायत म्हणून मी हसत नाहीये, एवढाच काय तो फरक. तुम्हाला सांगतो, शाळेत मास्तरांचा मार खाल्ला, घरी थोरल्या भावाचा खाल्ला, पण गणितानं सिद्ध केलेला मार खाणारा मी पहिलाच!

आमची कंपनी आपोआप सरकणारी पोलादी दारं बनवते. दार चालवते आतली चिप, आणि ती चुकणार नाही हे आमच्या गणितवाल्या बाई आधी कागदावर सिद्ध करतात. हायब्रिड ऑटोमेटा म्हणतात त्याला. म्हणजे काय, तर दार कधी उघडं, कधी मिटतंय, कधी मिटलेलं, कधी उघडतंय... अशा अवस्था. एका अवस्थेत ते गुपचूप सरकत राहतं, आणि अट पुरी झाली की टुणकन दुसऱ्या अवस्थेत उडी. सरकण्याचं आणि उडीचं गणित एकत्र! आता सिद्ध काय करायचं? मीटिंगमध्ये चहा पीत पीत वाक्य ठरलं, 'दार माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त दाबून धरणार नाही.' बाईंनी रात्रंदिवस डोकं घातलं. आणि सिद्ध झालं!

मी चाचणीवाला. साहेब म्हणाले, "जरा मध्ये उभे राहा हो, घाबरता काय, सिद्ध झालंय." राहिलो उभा. दार आलं, धाडकन बरगडीत! लगेच उघडलंही, खोटं कशाला बोलू. वीतभर उघडलं, आता आपल्याला कुणी लागत नाही म्हटल्यावर अट पुरी, उडी, पुन्हा मिटायला लागलं... धाडकन! उघडलं. धाडकन! बाजूला व्हायचं, म्हणाल? अहो, पँटचा पाय खालच्या रुळात अडकलेला! खांदा झाला, कानशील झालं, नाकातून रक्त आलं, आणि बाई घड्याळ धरून उभ्या, "बघा, एकदाही अर्धा सेकंद भरला नाही." खरंच नव्हता भरला! दार मला दाबत नव्हतंच मुळी, बडवत होतं! शेवटी माझं डोकं फिरलं. पाना उचलून हाणला दाराच्या तोंडावर. दाराला ओरखडा नाही, पाना उसळून साहेबांच्या नडगीवर. साहेब कळवळले, "हे तुमचं वागणं कुठल्या नियमात बसतं?"

घरी बायको म्हणते, "मारामारी केलीत?"
"दाराशी."
"सुरुवात कुणी केली?"

दुसऱ्या दिवशी लंगडत बाईंकडे गेलो. म्हटलं, बाई, एक फटका बसला की दार उघडंच राहील, एवढं एक वाक्य वाढवा, नाहीतर कुणाचा तरी जीव जाईल. त्या बिचाऱ्या तयार होत्या. "पण मग सगळं नव्यानं सिद्ध करावं लागेल." तेवढ्यात साहेब, नडगीला पट्टी, "आणि आत्ता जे सिद्ध झालंय ते काय पाण्यात घालायचं?" झालं! ते दार बसवलं आमच्याच ऑफिसच्या तोंडाशी.

तेव्हापासून मी खिडकीतून जातो. काल सकाळी एक पाय आत, एक बाहेर, मागून आवाज, "जरा सरकता का?" बघतो तर साहेब. त्यांच्यामागे बाई, डबा आणि पर्स सांभाळत, "मला हात द्या हो."

म्हटलं, "बाई, दार सिद्ध झालंय ना?"

"झालंय ना. म्हणूनच तर."

दिला हात. काय करता... खिडकीचं अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, तोवर आत-बाहेर करून घ्यायचं.